दहा टक्क्यांच्या आतला प्रामाणिकपणा

आपल्याकडे शास्त्रार्थाची जुनी रीत अशी होती, की स्वतःचे म्हणणे मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही प्रतिपक्षाला मान्य होईल अशा शब्दांत. विद्यापीठातल्या सचोटीबद्दल बोलताना ही रीत क्वचितच पाळली जाते. परिपत्रके निघतात, प्रतिज्ञापत्रांवर सह्या होतात, पण सही करणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिला आहे. यातली विद्यार्थिनी काल्पनिक आहे: मराठी माध्यमातून आलेली, एम.ए. झालेली, नुकतेच पीएच.डी.ला नाव नोंदवलेली. तिचे आक्षेप मात्र कोणत्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकू येतात. त्यांतले बरेचसे खरे आहेत असे मला वाटते, आणि तरीही ती जिथे पोहोचते तिथे मी पोहोचत नाही.

विद्यार्थिनी : सर, सचोटीचे धडे आम्हालाच का? इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्या मैत्रिणींनी पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीट ‘जीटी’ मारून पूर्ण केल्या. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची शीट ठेवायची, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि रेषा गिरवत जायचे. हे सगळ्या कॉलेजला माहीत असते, शीट तपासणाऱ्यालाही. सायन्सवाल्यांची जर्नल्स मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेली असतात, अगदी रीडिंगसकट. टर्मवर्कचे मार्क फाइल पूर्ण असल्याबद्दल मिळतात, समजल्याबद्दल नाही. शिकवणाऱ्यांच्या कितीतरी जागा रिकाम्या, आणि जे शिकवतात त्यांतले अनेक जण तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी आपले तास असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नसते. अशी व्यवस्था आमच्याकडून प्रामाणिकपणाचे प्रतिज्ञापत्र लिहून घेते. ती आमच्याशी जशी वागते, तसेच आम्ही तिच्याशी वागतो.

लेखक : तुझ्या वर्णनातले मी काहीही खोडणार नाही. माझा प्रश्न शेवटच्या वाक्याला आहे. उतरवलेले जर्नल देताना हा व्यवहार तू आणि विद्यापीठ या दोघांतला आहे असे तू धरून चालतेस. समज, लोलकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग आहे. प्रयोगशाळेतला दोरा जुना, स्टॉपवॉच सैल, आणि उत्तर येते ९.४. पुस्तकात ९.८ आहे, म्हणून विद्यार्थी मागून रीडिंग जुळवून ९.८ लिहितो. यात विद्यापीठाचे काही बिघडत नाही. ज्या मुलीने दोनदा-तीनदा लोलक हलवून खरेच ९.४ काढले आणि तेवढेच लिहिले, तिचे बिघडते. तिला मार्क कमी मिळतात आणि गुणवत्ता यादीत ती मागे जाते. म्हणजे पहिला घाव बसतो तो शेजारच्या बाकावर. दुसरा बसतो तो पदवी पाहून विश्वास टाकणाऱ्यावर. इमारतीच्या काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस पाण्यात मुरवून दाबून पाहतात आणि आकडा नोंदवतात. तो आकडा नोंदवणारा इंजिनिअर कधीकाळी रीडिंग जुळवायला शिकलेला असेल, तर त्या इमारतीत राहायला येणाऱ्यांनी त्याच्या कॉलेजातल्या रिकाम्या जागांशी काय करायचे? पदवी हे विद्यापीठाने आणि विद्यार्थ्याने मिळून तिसऱ्याच माणसाला दिलेले आश्वासन आहे. देणाऱ्या दोघांपैकी एकाने त्यात कुचराई केली म्हणून दुसऱ्याची जबाबदारी माफ होत नाही, कारण ज्याला आश्वासन दिले त्याने कुणाचेच काही बिघडवलेले नसते. व्यवस्थेवरचा तुझा राग मला योग्य वाटतो. तो निघतो मात्र भलत्याच माणसावर.

विद्यार्थिनी : पण आश्वासन म्हणजे नेमके काय, हे व्यवस्थेनेच ठरवून दिले आहे, तेही आकड्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आम्हाला पाठ आहेत. इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा द्यायचे. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. साठच्या पुढे नोंदणी रद्द. प्रबंध सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि आकडा दहाच्या आत आला की गाइड खूश, विभाग खूश, ग्रंथालयही खूश. आकडा खाली आणून देणारे लोक पैसे घेऊन बसलेलेच आहेत. नियम पाळला की जबाबदारी संपली. त्यापुढची सचोटी आमच्याकडून कुठल्या आधारावर मागता?

लेखक : इथे तू दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलेस. हे नियम वाईट हेतूने केलेले नाहीत. नीट वाचले तर त्यांत समज दिसते: योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणे हे सगळे साम्यातून वगळले आहे, सर्वपरिचित किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळले आहेत. उचलेगिरीची नियमांतली व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणे अशीच आहे, आणि त्या व्याख्येत टक्केवारी कुठेही नाही. टक्केवारी आली शिक्षेची पायरी ठरवण्यासाठी. पुढे शिक्षेची पायरी हाच प्रामाणिकपणाचा उंबरठा बनला. सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते, त्यापलीकडे काही नाही. वजनकाट्यावर दुधातले पाणी कळत नाही, तसे त्या आकड्यातून विचार कुणाचा हे कळत नाही.

मराठीत तर हे फारच उघडे पडते. आपल्याकडचे कित्येक जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ते दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी त्यांतला मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग किंवा चित्र. एखाद्याने इंग्रजी पुस्तकातले प्रकरण सावकाश मराठीत उतरवले, तर अहवालात साम्य जवळजवळ शून्य येईल. त्याच वेळी पेशवे दप्तरातली पत्रे जशीच्या तशी देऊन त्यांवर मेहनतीने भाष्य करणाऱ्याच्या अहवालावर लाल रंग चढेल, आणि ते वगळायला हवे हे त्याला समजावत बसावे लागेल. म्हणजे चोर सुटतो आणि सावाला खुलासे द्यावे लागतात. उचलेगिरीची गाजलेली प्रकरणे कशी उघडकीस आली तेही पाहा. कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलॉश यांच्या कृष्णविवरांवरच्या जुन्या निबंधावरून उचललेला होता. भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही वाचले, स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले, आणि २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचा प्रबंध परीक्षण लिहिण्यासाठी वाचताना एका कायद्याच्या प्राध्यापकाला उचललेले परिच्छेद सापडले. मग शेकडो वाचकांनी पानाशेजारी पान ठेवून तपासणी केली. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि मार्च २०११ मध्ये मंत्रिपदही गेले. दोन्हीकडे कामी आला तो विषय जाणणारा वाचक.

म्हणून मी तुझ्याकडे दहाच्या जागी पाच टक्के मागत नाही. मौलिकतासुद्धा मागत नाही, कारण पहिल्या प्रबंधात सगळे नवे असेल ही अपेक्षाच खोटी आहे. मी मागतो ते एवढेच: तुझ्या लिखाणातल्या कोणत्याही वाक्यावर बोट ठेवून ‘हे कुठून आले?’ असे विचारले, तर तुला खरे उत्तर देता आले पाहिजे. ‘अमक्या पुस्तकातून घेतले’ हे चांगले उत्तर आहे. ‘या तीन मुलाखतींवरून मी असे अनुमान काढले’ हे चांगले उत्तर आहे. ‘गाइडनी सुचवले, पण मला पूर्ण पटलेले नाही’ हेसुद्धा प्रामाणिक उत्तर आहे. उत्तरच नसणे किंवा खोटे उत्तर तयार ठेवणे, दोष तिथून सुरू होतो, मग आकडा तीन टक्के असो की तीस.

विद्यार्थिनी : हा उगमाचा हिशेब ठेवण्याचा आग्रहच मुळात परका आहे, असे नाही वाटत तुम्हाला? आपली परंपरा पाठांतराची. गुरूचे शब्द शिष्याच्या तोंडी येत, कीर्तनकार दुसऱ्याचा दृष्टांत सांगत. कुणी तळटीप मागत नव्हते. 

लेखक : तळटीप नव्हती, हिशेब होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव व्यासांचे, भाष्यकारांचे आणि निवृत्तिनाथांचे ऋण स्वच्छ शब्दांत मान्य करतात. ज्याच्या प्रतिभेबद्दल कुणाला शंका नाही त्याला हे सांगताना कमीपणा वाटत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यात कुणी आपली ओवी घुसडू नये, असे त्यांनी शेवटी बजावून ठेवले. हा तर उलट्या बाजूचा गुन्हा झाला: आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे. तोही त्यांना असह्य होता. आणि तुकोबांच्या गाथ्यातला सालोमालो? परंपरा सांगते की हा माणूस तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावाची मुद्रा घालून म्हणत असे, आणि गाथ्यात त्याच्यावरचे अभंग आहेत. ‘तुका म्हणे’च्या जागी दुसरे नाव आले की काय बिघडते, हे सतराव्या शतकातल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसणार. तळटिपा आणि संदर्भसूचीची बांधणी आपण युरोपीय विद्यापीठांकडून घेतली हे खरे. ज्याचे त्याच्या नावावर असावे ही जाणीव मात्र इथलीच आहे.

विद्यार्थिनी : ठीक. पण भाषेचे काय? माझे शिक्षण मराठीतून झाले. वाचायचे सगळे इंग्रजीत, आणि अनेक विषयांत लिहायचेही इंग्रजीत. मूळ लेखकाचे वाक्य माझ्यापेक्षा चांगले असते. त्यातले दोन शब्द बदलले की ते मोडते, न बदलले की चोरी ठरते. इंग्रजी शाळेतल्या मुलीला हा पेच पडत नाही. मग ही सचोटीची परीक्षा आहे की इंग्रजीची?

लेखक : तुझ्या सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत जड वाटतो. अनोळखी भाषेत लिहिणारा माणूस वाक्ये जोडत, थोडी बदलत, अर्धवट आपली करत पुढे जातो. अमेरिकेतल्या लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकातच मांडले, की अशा ठिगळलेखनाकडे चोरी म्हणून न पाहता शिकण्यातला टप्पा म्हणून पाहावे. मला ते पूर्ण पटते. पहिल्या मसुद्यातल्या ठिगळांसाठी विद्यार्थ्याला समितीपुढे उभे करणारा विभाग आपले शिकवण्याचे काम टाळतो आहे. यंत्रांचा अन्याय तर मोजलेलाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी सात साधने स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्या साधनांनी सरासरी साठ टक्क्यांहून जास्त वेळा यंत्राचे ठरवले. साधे शब्द आणि सरळ वाक्ये हाच संशयाचा आधार. ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे ओळखसाधन त्याच वर्षी जुलैत, अचूकता कमी म्हणून, मागे घेतले. हे माहीत असताना अशा अहवालावरून धुळे-नंदुरबारकडून आलेल्या मुलीला कुणी दोषी धरत असेल, तर ते दोषी धरणेच सचोटीचा भंग आहे असे मी म्हणेन.

पण या आक्षेपातून तुला सूट मिळते ती वाक्य सुबक नसण्याची. मूळ वाक्य चांगले असेल तर ते अवतरणचिन्हांत दे, नाव दे, आणि खाली आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत तुला त्याबद्दल काय वाटते ते लिही. शक्य तिथे प्रबंध मराठीत लिही; सामाजिक शास्त्रांत आणि मानव्यविद्यांत ती वाट आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्याला दुय्यम समजणाऱ्यांशी भांडायला मी तुझ्या बाजूने उभा राहीन. अडखळत लिहिलेल्या पानात संशोधकाचे डोके दिसते. उसन्या सफाईत ते दिसत नाही, आणि मग गाइडला मदत नेमकी कुठे करायची हेही कळत नाही. 

विद्यार्थिनी : यंत्राने लिहून दिलेले माझ्याच सूचनांवर लिहिलेले असते. तिथे चोरी कुणाची झाली? 

लेखक : चोरी कुणाची झाली हे शोधत बसण्याची गरज नाही, तोच जुना प्रश्न विचारू. हे वाक्य कुठून आले? यंत्र ज्या संदर्भांची नावे देते त्यांतले काही अस्तित्वातच नसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी ‘चॅटजीपीटी’ने रचलेले, कधीच न झालेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. त्यांनी कुणाची ओळ चोरली नव्हती. जे वाचले नाही त्याची हमी दिली होती. व्याकरण तपासायला, कठीण परिच्छेद समजून घ्यायला यंत्र वापरलेस तर तसे लिही, आणि कॉलेजचा नियम काय आहे ते आधी विचारून घे. मांडणी, निष्कर्ष, आकड्यांचा अर्थ त्याच्याकडून घेतलास, तर मौखिकीत समोर बसल्यावर तुझ्याकडे सांगण्यासारखे काही उरणार नाही. म्हणूनच पैसा आणि वेळ सॉफ्टवेअरपेक्षा तोंडी परीक्षेवर घालावा, असे माझे मत आहे. पीएच.डी.ला ती आहेच, ती एम.ए.च्या लघुप्रबंधालाही वीस मिनिटे गंभीरपणे घ्यावी. चहा आणि अभिनंदनाचा कार्यक्रम नंतर होऊ दे.

विद्यार्थिनी : आणि तुम्हा लोकांचे काय, सर? पीएच.डी. सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांपर्यंत होती. त्यासाठी पैसे घेऊन छापणारी नियतकालिके उगवली. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनीच २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले, की आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांतली सुमारे ८८ टक्के निकृष्ट असू शकतात. त्यांत छापून कुणाच्या बढत्या झाल्या? आमच्या निबंधावर पहिले नाव कुणाचे असते? आणि शिक्षा बघा. साठ टक्क्यांच्या पुढे माझी नोंदणी रद्द. त्याच पायरीवर प्राध्यापकाला निबंध मागे घ्यायचा, दोन वेतनवाढी सोडायच्या, तीन वर्षे नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत. नोकरी शाबूत.

लेखक : पहिल्या चुकीसाठी हे असेच आहे, आणि ते अन्यायाचे आहे. ज्याचे ज्ञान जास्त, पगार जास्त, अधिकार जास्त, त्याला शिक्षा कमी, याचे समर्थन मला करता येत नाही. ज्याने काम केले नाही त्याने निबंधावर नाव घालणे हीदेखील उचलेगिरीच आहे, आणि सॉफ्टवेअर ती कधीच पकडणार नाही. पण हे सगळे तू मला सांगू शकतेस ते कशाच्या बळावर? शिक्षकाने काय करायला हवे होते याचे माप तुझ्याजवळ आहे, म्हणून. ‘सगळेच करतात’ असे म्हणून तू ते माप टाकून दिलेस, तर गाइडच्या नावाबद्दल तक्रार करायला तुझ्या हाती काही राहत नाही. 

विद्यार्थिनी : मग शेवटचे विचारते. माझ्या मैत्रिणीने सर्वेक्षणाचे फॉर्म घरी बसून स्वतःच भरले आहेत, असे मला कळले. मी काय करायचे? चहाडी?

लेखक : सचोटीवर लिहिणारे बहुतेक जण या प्रश्नाला बगल देतात, पण बरोबरीच्यांनी काय करायचे हाच खरा प्रश्न आहे. विल्यम बाउअर्स यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ९९ कॉलेजांच्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तीन-चतुर्थांशांनी काही ना काही गैरप्रकार केल्याचे कबूल केले होते. पुढे डोनाल्ड मकेब यांनी अनेक वर्षे अशी सर्वेक्षणे केली आणि जिथे विद्यार्थ्यांनी स्वतः पाळलेली आचारसंहिता होती तिथे हे प्रमाण कमी आढळले. मुलांच्या वागण्यावर सर्वांत मोठा परिणाम बरोबरीच्या मुलांचा होतो, असेही त्यांच्या अभ्यासातून दिसले. पण ती संहिता कागदावर असून भागत नाही. स्टॅनफर्डमध्ये १९२१ पासून परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक न ठेवण्याची प्रथा होती, आणि त्या बदल्यात एकमेकांवर लक्ष ठेवणे ही विद्यार्थ्यांची जबाबदारी होती. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, पर्यवेक्षक ठेवून पाहण्याचा निर्णय तिथे घ्यावा लागला. 

म्हणून तुझ्या मैत्रिणीकडे आधी तू एकटीने जा. तिला काय अडचण होती ते ऐक. गावात जायला पैसे नव्हते, की बायका बोलायला तयार नव्हत्या, की गाइडने तीनशेचा नमुना मागितला आणि साठच मिळाले. साठच मिळाले असे लिहिलेला प्रबंध मान्य होऊ शकतो, हे कदाचित तिला कुणी सांगितलेच नसेल. उरलेले फॉर्म काढून टाकायला तिला मदत कर, हवे तर तिच्याबरोबर गाइडकडे जा. ती नाहीच म्हणाली, आणि त्या आकड्यांवर उद्या कुणी आरोग्य केंद्राची योजना आखणार असेल, तर २०१८ च्या नियमांनी विभागात नेमायला सांगितलेल्या समितीकडे, हाती आहे तेवढाच पुरावा घेऊन, स्वतःच्या नावाने लेखी जा.

विद्यार्थिनी : मैत्री तुटेल. आणि फॉर्म भरायला गाइडनेच सांगितले असेल तर?

लेखक : तुटू शकते, तुटणारच नाही असे मी तुला सांगणार नाही. गाइडने सांगितले असेल तर विभागाची समिती पुरेशी नाही, कारण तिचा अध्यक्ष विभागप्रमुख असतो आणि तो गाइडच्या शेजारच्या खोलीत बसतो. नियमांत संस्थेच्या पातळीवर वेगळी समिती आहे आणि तिच्यावर बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. अर्ज तिच्या नावाने लिही, आवक क्रमांक घे, आणि तुझ्यासोबत सही करायला आणखी कुणी तयार आहे का ते आधी विचार.